अबोला आणि आकाशी स्कूटर

सकाळचे सहा वाजून वीस मिनिटं. बरोब्बर त्या मिनिटाला आमचा अबोला सुरू झाला. एवढी पक्की वेळ कशी सांगते म्हणाल, तर आमच्या बबलूच्या काखेतला थर्मामीटर मी नुकताच भिंतीवरच्या घड्याळात वेळ बघून काढला होता.

स्वतःची फजिती आपल्या तोंडानं सांगू नये म्हणतात. पण माझी फैजपूरला आधीच सांगून झाली आहे, यावलपर्यंतही पोचली असेल. मग जळगावात ती दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून येण्यापेक्षा मीच सांगितलेली बरी, नाही का?

तर आमचे हे टेलिफोन खात्यात लाईनमन. आठवडाभर उन्हातान्हात खांबांवर चढायचं. अशा माणसानं रविवारी काय करावं? पंख्याखाली झोपावं! पण फेब्रुवारीत ह्यांनी एका साहेबाची जुनी आकाशी स्कूटर घेतली आणि तेव्हापासून दर रविवारी सकाळी एकच घोष. "चला, हवा खाऊन येऊ!"

हवा! जळगावात! मे महिन्यात! अहो, आमच्याकडं त्या दिवसांत हवा नसते, भट्टीचं तोंड असतं. दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. पण ह्यांना कोण सांगणार?

एप्रिलात आम्ही उनपदेवला गेलो. तिथं काय आहे? गरम पाण्याचा झरा! लोक उन्हाळ्यात गार पाणी शोधत फिरतात आणि आम्ही स्कूटरवर हाडं खिळखिळी करून कढत पाण्यात पाय सोडून बसलो. त्याच्या पुढच्या खेपेला धुळ्याजवळचा लळिंगचा किल्ला. धापा टाकत वर गेलो, तर वर सावली एका जिवापुरती, आणि तिथं आधीच एक शेळी बसलेली. ती काही उठली नाही.

आणि ह्या रविवारी पाल. "सातपुड्यातलं थंड हवेचं ठिकाण आहे," हे म्हणाले. "दुपारी झाडाखाली झोपू, संध्याकाळी परत."

माझं लेकरू अडीच वर्षांचं. उन्हाळा म्हणून डोक्याचा नुकताच चकोट केलेला. अशा पोराला घेऊन उन्हात निघायचं म्हणजे तयारी हवी. रात्रीच मी पिशवी भरली. पाण्याच्या तीन बाटल्या, कैरीचं पन्हं, साखरमिठाच्या पुड्या, ऊन लागू नये म्हणून सहा कांदे, दशम्या, चटणी, बबलूची चार झबली, दुपटं, सतरंजी, तांब्या, आणि वेळ काय सांगून येते म्हणून रॉकेलची बत्ती. पाटा-वरवंटा तेवढा घरी ठेवला.

आणि सकाळी निघण्याआधी थर्मामीटर लावला.

"किती आहे?" ह्यांनी विचारलं.

"अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा."

"म्हणजे ताप नाही. चल."

"असं कसं? काखेत घेतला की एक मिळवायचा. म्हणजे नव्व्याण्णव पॉइंट सहा. म्हणजे बारीक ताप आहे!"

हे हसले. हसले तर हसले. पण वर म्हणाले, "सातवी शिकलीस तेवढं पुरे आहे. आता डॉक्टरकी नको."

आणि हे कुणासमोर? तर विरजण मागायला आलेल्या शेजारच्या काकूंसमोर! काकू वाटी तोंडाला लावून फिस्सकन हसल्या.

मला सांगा, मी सातवीला काय हौसेनं थांबले? आमच्या साक्रीकडच्या गावात शाळाच सातवीपर्यंत होती. आठवी असती तर मी आठवी झाले असते. वर्गात माझा पहिला नंबर होता. हे ह्यांना माहीत आहे. माहीत असून बोलले.

मी थर्मामीटर झटकला, डबीत ठेवला आणि मनाशी ठरवलं. हे माफी मागत नाहीत तोवर मी ह्यांच्याशी शब्द बोलणार नाही. मेले तरी बोलणार नाही.

मग गेलीस कशाला म्हणाल. अहो, लेकरू एकट्या ह्यांच्यासोबत पाठवू?

निघालो. बबलू पुढं उभा, त्याच्या डोक्यावर ओला पांढरा पंचा. ह्यांच्या डोक्याला, कानांना, तोंडाला पांढरा पंचा आणि डोळ्यांवर काळा गॉगल. माझंही तोंड पदरात गुंडाळलेलं, डोळे तेवढे उघडे. आमच्या खानदेशात उन्हाळ्यात सगळे असेच फिरतात. सख्खा भाऊ समोरून गेला तरी ओळखू येत नाही. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढं माझी अब्रू गेली ती ह्याच्यापायीच.

भुसावळ गेलं, तापीचा पूल गेला. मी गप्प, हेही गप्प. ह्यांचा गप्पपणा मला जास्त टोचत होता. चूक कुणाची? आणि तोंड कुणी फुगवायचं?

फैजपूरला पेट्रोल पंपावर थांबलो. आमच्या स्कूटरचं पेट्रोलचं झाकण सीटखाली, त्यामुळं पेट्रोल भरायचं म्हणजे सगळं बिऱ्हाड खाली उतरवायचं. माझी पिशवी उतरवली. पंपावर आणखी तीन-चार स्कूटरी. सगळ्यांच्या बायका उतरून बाजूला उभ्या, सगळ्यांचे नवरे पंचे गुंडाळलेले. जणू एकाच माणसाला कुणी चार वेळा उभं केलंय.

बबलूचा पंचा वाळून कडक झाला होता. लिंबाखाली पाण्याचा माठ होता, बबलूला ह्यांच्यापाशी सोडून तिकडं मी पळाले. माठापाशी एक पन्नाशीच्या बाई तांब्या बुडवत होत्या.

"अक्का, मला आधी घेऊ द्या हो. माझं लेकरू उन्हात आहे."

"घे बापा घे," अक्का म्हणाल्या आणि बाजूला झाल्या.

मी दुसरा पंचा भिजवला, बाटली भरली, वळले. रस्त्याच्या तोंडाशी आकाशी स्कूटर चालू होती. पांढरा शर्ट, पांढरा पंचा, काळा गॉगल. मान सरळ पुढं, माझ्याकडं ढुंकूनही न बघणारी. तोच ताठा! मग मी तरी कशाला बघू? बसले टुणकन मागं. एरवी "बसले हो" म्हणते, पण आज अबोला. स्कूटर निघाली.

दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. एकसारख्या, हिरव्यागार. रस्ता कुठला हे मला काय कळणार? मी तर बबलूचाच विचार करत होते. त्याच्यासाठी भिजवलेला पंचा माझ्या हातात वाळत चालला होता. ह्यांच्या कोपरापलीकडून पांढऱ्या फडक्याचं टोक तेवढं दिसत होतं. म्हणजे पोरगं आहे. पण हलत का नाही? एरवी बबलू स्कूटरवर गप्प बसत नाही. बैल दिसला की ओरडतो, ट्रक दिसला की ओरडतो. आज तीन ट्रक गेले, केळीनं भरलेले, तरी आवाज नाही!

ह्यांना विचारावं? छे! अबोला.

मग मी पोरालाच हाक मारली. "बबलू? ए बबल्या?"

उत्तर नाही.

झोपला असेल. पण उभ्यानं? का चक्कर आली? का ऊन लागलं? मी म्हटलं होतं ना बारीक ताप आहे! मी डाव्या हातानं सीट धरली आणि उजवा हात ह्यांच्या बगलेखालून पुढं घालून त्या फडक्याखाली सारला.

हाताला गोल, गुळगुळीत डोकं लागलं. चकोट केलेलं.

आणि गार! बर्फासारखं गार! आणि कडक!

"अहो! अहो, थांबवा! पोरगं गार पडलं! अहो, बबलू गार पडला हो!"

मी ह्यांच्या पाठीत दोन्ही हातांनी बुक्के मारले. स्कूटर करकचून थांबली, अर्धी केळीच्या बांधावर गेली.

"कोन गार पडलं?"

आवाज ह्यांचा नव्हता. त्यांनी गॉगल काढला, पंचा सोडला. आत पांढऱ्या मिशा! देवाशपथ सांगते, मी आधी हाच विचार केला की ह्यांना मिशा कधी आल्या?

मग उजेड पडला. म्हणजे अबोला मीच सोडला, आणि तोही परपुरुषापाशी! पण तेव्हा अबोल्याचं कुणाला पडलं होतं? मी झडप घालून पुढचं फडकं ओढलं.

खाली धान्याचं अर्धं पोतं, आणि पोत्यावर एक टरबूज. थोरलं, हिरवं, ओल्या फडक्यात गार राहिलेलं.

"मना पोऱ्या! मना पोऱ्या कोठे शे?" पाच वर्षं जळगावात राहून सुधारलेली माझी भाषा एका उडीत साक्रीला पोचली.

"मले काय माहीत तुहा पोऱ्या? माही बायको कुठी आहे ते सांग आंधी!"

"चोर! पोरचोर!" मी काखेतली पाण्याची बाटली त्यांच्या खांद्यात हाणली. बाटलीचं झाकण उडालं आणि बबलूचं सगळं पाणी त्या माणसाच्या शर्टावर.

जवळच बांधावर केळीचे घड ट्रकात भरणं चाललं होतं. पाच-सहा माणसं धावत आली.

"काय झालं वं बाई?"

"ह्या माणसानं माझं पोरगं नेलं!"

"कुठी नेलं?"

"माहीत नाही! त्याच्या जागी टरबूज ठेवलं!"

ती माणसं टरबुजाकडं बघतात, माझ्याकडं बघतात. एकानं तर टरबूज वाजवूनही पाहिलं. मग त्यातला एक म्हणाला, "आरे, हे त आपले नाना आहेत! नाना, अक्का कुठी? अन् ही कोन आनली?"

"नाना, ह्या वयात?" दुसरा.

नाना रडायच्या बेतात आले. "आरे बापा, मी कशाले आनू? पंपावर हीच येऊन बसली मांगं!"

"अन् मंग इतक्या लांब तुमाले समजलंच नाही? आता यावल येईन!"

"समजलं ना! मांगून आवाज नाही, इतकं समजलं. तीस वर्षांत पहिल्यांदा बायको गप बसली. मी म्हटलं, देव पावला. आता मांगं वळून कशाले पाहू?"

सगळे खदखदून हसले. मी मात्र तिथंच फतकल मारून बसले. यावल! आम्हाला जायचं होतं सावद्याकडून पालला. म्हणजे हे त्या दिशेला, मी ह्या दिशेला, आणि मधल्या मध्ये माझं लेकरू, ओला पंचा नसलेलं!

नानांना दया आली. माणूस भला होता. बाटलीचा मार विसरून म्हणाले, "ऊठ बाई. पंपावर जाऊ. तुहा नवरा तठीच शोधत असन."

परत बसले. ह्या खेपेला मध्ये हातभर अंतर सोडून, स्टेपनीला चिकटून. रस्ताभर मी देवीला काय काय बोलले ते विचारू नका. खण, नारळ, साडी, आणि पुन्हा कधी थर्मामीटर लावणार नाही, इथपर्यंत गेले.

पंपावर ह्यांचा पत्ता नाही. अक्का मात्र होत्या. लिंबाखाली, कमरेवर हात. नाना दिसले, मागं मी दिसले, आणि अक्कांचं तोंड सुटलं.

"आली का? पानी आंधी घेऊ द्या म्हने! पानी घेतलं त घेतलं, माहा नवराबी घेऊन गेली!"

"अक्का, पाया पडते, चूक झाली. पण माझे... म्हणजे बबलूचे पप्पा कुठं आहेत?"

पंपावरचे म्हातारे बाबा पुढं आले. "ते स्कूटरवाले? लहान पोरगं पुढं उभं होतं ते? ते त कवाचे गेले सावद्याकडे. तुमची पिशवी खाली राहिली होती, मीच उचलून मागच्या सीटवर ठेवली अन् पट्टा स्टेपनीला अडकवला. जड होती हो बाई! स्कूटर बसलीच एकदम."

झालं! माझी पिशवी बसली, ती मी बसले असं समजून हे निघून गेले.

"मला सावद्याला न्या हो, नाना," मी हात जोडले.

"चल, बस," नाना म्हणाले.

"काही नाही!" अक्का मध्ये उभ्या राहिल्या. "आता ही बसनार नाही, अन् तुम्ही नेनार नाही. एकदा नेली ते पुरे झालं."

इतक्यात सावद्याच्या बाजूनं एक आकाशी स्कूटर सुसाट आली. पंचा, गॉगल, पांढरा शर्ट. मी जागची हलले नाही. म्हटलं, आधी तोंड दाखवा. पण पुढून चिरका आवाज आला, "आई! आई, मी लस प्यालो!" मग कसलं तोंड बघत बसते! धावत जाऊन पोराला उचललं. डोकं चांगलं गरम होतं. एवढं गरम डोकं मला जन्मात कधी आवडलं नव्हतं! तोंड उसाच्या रसानं चिकट. माझ्यावाचून ह्याचं काहीही अडलं नव्हतं, हे बघून जरा रागही आला.

हे उतरले. गॉगल काढला. चेहरा पांढराफटक. माझ्याकडं बघितलं, नानांच्या भिजलेल्या शर्टाकडं बघितलं, पुन्हा माझ्याकडं.

"तू... कुठं उतरलीस?"

"मी बसलेच नव्हते!"

"पंपापासून?"

"पंपापासून."

ह्यांचा चेहरा आता पांढऱ्याचा लाल झाला. "म्हणजे तू काहीच ऐकलं नाहीस?"

"काय ऐकलं नाही?"

हे पंपाकडं बघायला लागले. पण अक्का कसल्या सोडतात! "बोला ना भाऊ. काय बोलले तुम्ही मांगच्या पिशवीले?"

ह्यांनी पंच्यानं घाम पुसला. मग खाली बघत, ओठांतल्या ओठांत सांगितलं ते असं. पंपावरून निघाल्यावर ह्यांना म्हणे वाईट वाटलं. सकाळचं बोलणं लागलं असेल हिला, असं वाटलं. समोरासमोर बोलायला जीभ उचलत नव्हती, पण स्कूटरवर बायको मागं असते, तोंड दिसत नाही, तेव्हा बोलून टाकावं म्हणून फैजपूरपासून सावद्यापर्यंत हे बोलत गेले. सगळं बोलले. मी मागून उत्तर देत नाही म्हणजे राग अजून आहे, म्हणून आणखी बोलले. सावद्याला रसवंतीपुढं गाडी थांबवली आणि मागं न वळताच विचारलं, "गेला का राग? बर्फ घालून सांगू की बिनबर्फाचा?" रसवाला म्हणाला, "कोणाला विचारता साहेब?" तेव्हा वळले. तरी पोराला रस पाजूनच निघाले!

अक्का पोट धरून हसल्या. नाना हसले. पंपावरचे बाबा हसता हसता खोकायला लागले. मी एकटी हसले नाही. पाच वर्षांच्या संसारात ह्या माणसानं पहिल्यांदा माफी मागितली, आणि मी कुठं होते? यावलच्या रस्त्यावर, एका टरबुजासाठी रडत!

"मग आता सांगा," मी म्हटलं. "मी आहे ना आता समोर."

"झालं ना बोलून."

"मी ऐकलं नाही!"

"त्याला मी काय करू? अर्ज एकदाच करतात. घेणारा जागेवर नव्हता, ती माझी चूक?"

पालला गेलो का? गेलो. टरबूज त्याआधी पंपावरच लिंबाखाली नानांनी फोडलं. गुळासारखं गोड होतं म्हणे. मी त्याला पुन्हा हात लावला नाही. अक्कांनी निघताना मला हाताला धरून ह्यांच्या मागं बसवलं, ह्यांचा पंचा वर करून तोंड तपासलं आणि म्हणाल्या, "हाच ना? पक्कं? मंग जा."

संध्याकाळी परत येताना फैजपूर-सावदा रस्ता आला तेव्हा मी मुद्दाम मागून खोकले. म्हटलं, जागा तीच आहे, आठवेल. हे म्हणाले, "बघ, धुळीनं खोकला झाला. काढ थर्मामीटर."

आठ दिवस मी बबलूला खोदून खोदून विचारते आहे. "पप्पा स्कूटरवर काय म्हणाले रे?" पहिल्या दिवशी म्हणाला, "आई हुशाल." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "आई बैल." तिसऱ्या दिवशी, "मोठ्ठा ट्लक." साक्षीदार फुटला! मीही चुकले म्हणा. रोज खाऊ देऊन विचारलं, तर तो रोज नवीन सांगणारच.

म्हणून हे सगळं लिहिलं. नवरा चुकला तर खुशाल अबोला धरा, बायांनो, पण स्कूटरवर बसण्याआधी एकदा पंचा उचलून तोंड बघा, हे तुमच्या लेकीसुनांना सांगाच. आणि आणखी एक काम करा. मेच्या त्या रविवारी सकाळी कुणी फैजपूर-सावदा रस्त्यानं सायकलवर, बैलगाडीवर, पायी, कसंही जात असेल, आणि आकाशी स्कूटरवरचा एक माणूस एकटाच मोठ्यानं बोलत गेलेला त्यानं ऐकला असेल, तर ते बोलणं मला जसंच्या तसं कळवायला सांगा. तुमचे सोयरे त्या बाजूला असतील तर त्यांच्या कानावर घाला. बाजारात, लग्नात, केळीच्या ट्रकवाल्यांना विचारा. आणि सांगणाऱ्याला नीट आठवत नसेल, तर दोन चांगले शब्द त्यानं पदरचे घातले तरी माझी काही हरकत नाही.